वाणात लुटलेल्या डब्या

आत्या,

मी परत एकदा बोलले. भर मीटिंगमध्ये, पुण्याच्या मोठ्या लोकांसमोर, कुणी विचारलेलं नसताना. तुम्ही असता तर कपाळाला हात लावून म्हणाला असता, "हिच्या तोंडाला कडीच न्हाई." नाहीच आहे. तुम्ही लावून बघितलीत, मामांनी बघितली, आता मोठ्या सरांनी बघितली. लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी तुम्ही मला पहिलं काय सांगितलंत, आठवतंय का? "मला सासूबाई नगं म्हणूस, सासूबाई शिरियलीत असत्यात. आत्या म्हण. आन् या घरातलं या घरात ऱ्हाऊ दे." पहिलं ऐकलं. दुसरं मला जमलं नाही, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझा धाकटा रांगत होता. आता तो मला मोबाईलवरून बिल कसं भरायचं ते शिकवतो आणि वर डोळे मोठे करतो. एवढा काळ गेला तरी तुमच्याशी भांडण काही मिटत नाही माझं. एकदा नीट बसून भांडावं म्हणून हे लिहायला घेतलंय.

आधी मिश्रीचं बोलू. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, वस्त्रगाळ करायची. त्या वासानं मला पहिल्या महिन्यात मळमळायचं आणि तुम्ही मामांना आनंदाची बातमी सांगून मोकळ्या! सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर तुम्ही बसायच्या, बोट हिरडीवरून फिरत असायचं, आणि वस्तीवरच्या बाया एकेक करून यायच्या. कुणाची म्हैस आटली, कुणाची लेक माहेरी येऊन बसली, सगळं तिथं. पुरुषांना पार होता, चावडी होती, दूध सोसायटीचा कट्टा होता. बायांना तेवढी पायरी आणि तोंडातलं बोट. मी नर्सिंग शिकून आलेली शहाणी, मला त्यात फक्त तंबाखू दिसायची. आता दुसरंही दिसतं, पण म्हणून तंबाखू दिसायची थांबत नाही. ते तुम्ही कधी मान्य केलं नाहीत. "पोट साफ व्हतं, दात घट ऱ्हात्यात, जीवाला बरं वाटतं," हे तुमचं ठरलेलं. दात तर एकेक करून पडत होते, आत्या! पडलेला दात पत्र्यावर फेकायच्या आणि म्हणायच्या दात घट राहतात.

आणि जीवाला बरं वाटतं म्हणायच्या, तर ते वर्षातून काही दिवस अजिबात वाटायचं नाही. तेव्हा तुम्ही त्याच पायरीवर घराकडं पाठ करून बसायच्या. बाया आल्या तरी बोलायच्या नाहीत. चूल मी पेटवायची, म्हशीचं मी बघायचं. एका वर्षी गौरी आल्या तरी तुम्ही उठला नाहीत, आणि मामांनी पाव्हण्यांना सांगितलं की तुम्हाला कणकण आहे. मी विचारलं, आत्या, काय होतंय? तुम्ही म्हणाला, "जीव खाली बसतो गं. वर उचलाय गेलं तरी उठत न्हाई." इतकं सरळ तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मी लगेच म्हणाले, याच्यावर औषध असतं, पुण्याला डॉक्टर असतात, आपण जाऊ. बास! तुमचं तोंड असं वळलं. "मला येडी ठरवतीस व्हय? येरवड्याला धाडतीस? बाईला गप बसाय बी डाक्टरची चिठ्ठी लागती काय?" त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत आणि मला काढू दिला नाहीत.

तोंडाचंही तसंच. तुम्ही भाकरी दुधात कुस्करून खायला लागलात, ठेचा बंद केलात, चहा बशीत पार गार करून प्यायला लागलात. माझी नजर नर्सिंगच्या शाळेत तयार झालेली, मी कशी गप्प बसू? एकदा तुम्ही जांभई दिलीत आणि डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, मध्ये लाल. विचारलं तर म्हणालात, "तोंड माझं हाय." दिरांना सांगितलं, ते म्हणाले आईला विचारा. मामांना सांगितलं, तर मामा म्हणाले, आपलेच दात, आपलेच ओठ, बोंब कुणाकडं मारायची? मग मी मारली. पंगतीत, सगळे जेवायला बसलेले, पाबळहून माझा भाऊ आलेला, हातात भाकरीची टोपली घेऊन उभ्याउभ्या म्हणाले, "आत्यांच्या गालात जखम आहे, ती साधी नाही, आणि या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे." कुणाचा घास पुढं गेला नाही. तुम्ही ताटावरून उठलात आणि जाताना एवढंच म्हणालात, "पाव्हण्यांदेखत उघडी पाडलीस मला."

होय, पाडली. पुण्याला ऑपरेशन झालं, गाल गेला, नळीनं खाणं आलं, बोलणं निम्मं गेलं. पण तुम्ही पुढं लेकीच्या लेकीचं लग्न बघितलंत, नव्या बोअरला पाणी लागलेलं बघितलंत, तुमच्या थोरल्याला, माझ्या नवऱ्याला, रांजणगावला एमआयडीसीत नोकरी लागली त्याचे पेढे वाटलेत. ती सगळी वर्षं माझ्या बोंबेची कमाई आहे. माझ्याशी मात्र तुम्ही अबोला धरलात तो धरलातच. नळी मी साफ करायची, ड्रेसिंग मी करायचं, आणि तुम्ही भिंतीकडं बघायच्या. आणि एवढं करून माझ्या ड्युटीचा डबा कधी चुकला नाही. स्वतःला गिळता येत नव्हता तो ठेचा माझ्यासाठी वाटायच्या आणि डबा ओट्यावर आपटायच्या, म्हणजे मला कळावं की राग अजून आहे. मी तो डबा शिरूरला दवाखान्यात चाटूनपुसून खायचे. मलाही राग होताच.

आता आताचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, मुद्द्याचं बोल, पाल्हाळ लावू नगंस. दवाखान्यातली नोकरी सोडून गेल्या वर्षापासून मी एका संशोधनाच्या कामाला लागले आहे. पुण्याच्या एका दातांच्या डॉक्टरांनी काढलेलं काम, त्यांना आम्ही मोठे सर म्हणतो. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या मिश्री लावणाऱ्या बायांसाठी. हसू नका. चिठ्ठ्या टाकून बायांचे दोन गट केले. एका गटाच्या घरी मी दर आठवड्याला जायचं, दात-हिरड्या बघायच्या, मनाचं विचारायचं, बसून बोलायचं, आणि मिश्रीच्या जागी चघळायला भाजलेली बडीशेप, ओवा आणि जवस घातलेली एक डबी द्यायची. दुसऱ्या गटाला फक्त ब्रश, पेस्ट आणि माहितीचा कागद. शेवटी बघायचं, बोलण्यानं आणि डबीनं काही फरक पडतो का. मनाचे प्रश्न आधी पुस्तकी होते, बायांना ते समजेनात. मी सुचवलं, असं विचारू या, "जीव खाली बसतो का?" कमिटीतल्या मानसोपचाराच्या मॅडमनी ते तिथल्या तिथं लिहून घेतलं. आता न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत बाया तुमच्या शब्दाला उत्तर देतात. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता.

खुटबावच्या पलीकडं एका मळ्यात एक बाई राहते. शेवंती आणि झेंडू करतात ते लोक. माझ्याहून लहान, पण पहिल्या भेटीला बघितली तेव्हा म्हातारी वाटली. हातात मिश्रीचा डबा, पदर तोंडावर, आणि माझ्याकडं पाठ. नवरा म्हणाला, "तिचं तसंच हाय, मनावर घिऊ नका. लई वर्सं झाली, कुणाकडं जात न्हाई, कुणाला बोलवत न्हाई." चिठ्ठीत तिचा नंबर माझ्या गटात आला होता. मी जात राहिले. पहिल्यांदा नुसतीच बसले, फुलं तोडून झाल्यावर पाकळ्या-पानांची जी गादी पडते तिच्यावर. मग ती हूं म्हणायला लागली. मग एक दिवस तिनंच विचारलं, "तुमच्यात कुणाचा बसायचा व्हय जीव खाली?" मी सांगितलं. तुमचं सांगितलं, आत्या, सगळं, पायरीसकट. रागवायचं तर रागवा. मॅडमनी तिला तपासून गोळ्या सुरू केल्या. तलफ आली की काय करायचं ते मी तिला शिकवलं होतं: आधी घोटभर पाणी, मग डबीतली चिमूट, आणि तरी राहवेना तर शेजारणीला हाक मारायची. ती म्हणायची, "बाकी समदं करीन ताई, तेवढी हाक नगा सांगू."

आणि या संक्रांतीला तिचा निरोप आला की हळदीकुंकवाला या. मला वाटलं, असेल घरच्यांनी बोलावलेलं. जाऊन बघते तर अंगणात सडा, रांगोळी, शेवंतीच्या माळा, आणि दारात ती स्वतः उभी, हिरवी साडी नेसून, केसात गजरा, बायांना ओढून ओढून आत घेतेय. शेजारच्या विधवा जावेलाही बोलावलेलं. एका म्हातारीनं नाक मुरडलं तर ही म्हणते, "नवरा न्हाई म्हणून तिला दात न्हाईत व्हय?" मला कळेना दातांचं काय मध्येच. मग वाण आलं. ताटावरचा रुमाल तिनं उचलला. आमच्या डब्या! दर भेटीला नवी देत होतो, त्या तिनं जुन्यातलंच पुरवून पुरवून साठवल्या होत्या. प्रत्येक बाईच्या ओटीत एक डबी, आणि डबीबरोबर सगळा मंतर: "आधी पानी, मग चिमूट, आन् ऱ्हावलं न्हाई तर मला हाक मारायची, मी हाय हितं." त्यातल्या निम्म्या बाया दुसऱ्या गटातल्या. ज्यांना डबी मिळायची नव्हती, ज्यांच्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून तर फरक मोजता येणार होता! मी म्हणाले, "अगं बाई, या वाटायच्या नव्हत्या." ती म्हणाली, "ताई, गुण आलेली वस्तू एकटीनं खायाची? आपल्यात असतंय का असं?" नसतं. मी स्वतः दरवर्षी वाण लुटते. गावागावात चिठ्ठ्या टाकताना मलाही संक्रांत आठवली नव्हती, सरांनाही नाही, कुणालाच नाही. तिळगूळ हातात घेऊन मी हसावं का रडावं अशी बसून राहिले. आणि मग हसलेच.

पुढच्या मोजणीत त्या गावातल्या दुसऱ्या गटातल्या बायांचीही मिश्री सुटायला लागलेली दिसली. दोन्ही गट सारखे. म्हणजे कागदावर त्या गावात आमच्या कामाचा फायदा शून्य. मी सरांना खरं काय झालं ते फोनवर सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत, आत्या. पण वर त्यांनाही कुणाला तरी तोंड दाखवायचं असतं. ते म्हणाले, "त्या बाईनं नियम मोडलाय. तिला आणि हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना मोजणीतून काढून टाका. कारण लिहा, संपर्क तुटला."

"कुणाशी तुटला सर? काल तिच्याकडं जेवून आले मी."

"सिस्टर, प्रत्येक गोष्ट बोलायची नसते. झाकली मूठ राहू द्या."

बघा! पुण्याचा शिकलेला माणूस, आणि बोलला अगदी आपल्या घरातल्यासारखा. माझं डोकंच फिरलं. ज्या बाईनं इतकी वर्षं उंबरा ओलांडला नाही ती उठली, सडा घातला, बायांना हाका मारल्या, जिला कुणी हळद लावत नाही तिला बोलावलं. त्या बाईचं नाव पुसायचं? का, तर ती बरी झाली ते आमच्या कागदाला सोयीचं नाही म्हणून? आमचा प्रयोग तिनं बिघडवला हे खरं. आणि ती बिघडवण्याइतकी बरी झाली हेही खरं. मला दोन्ही लिहायचं होतं. एक लिहून एक गिळायचं नव्हतं. मी सरांना म्हणाले, "ती बाई मोजायचीच." सर म्हणाले, मीटिंगला या, पण बोलायचं काम माझं.

मीटिंग मानसोपचाराच्या मॅडम ज्या कमिटीत आहेत तिची, पुण्याला होती. अशा कामावर नजर ठेवणारी एक कमिटी असते, बायांवर अन्याय होत नाही ना, खोटं काही लिहिलं जात नाही ना, हे बघायला. सरांनी पडद्यावर आकडे दाखवले आणि म्हणाले, दौंडच्या एका गावातल्या काही स्त्रियांशी संपर्क राहिला नाही. मी मागच्या खुर्चीत बसले होते. आत्या, खरं सांगते, त्या क्षणी मला ती पंगत दिसली, आणि तुमचं ताटावरून उठणं. तरी उठले. "संपर्क आहे," मी म्हणाले, "सगळ्या बाया आपापल्या घरी आहेत. त्यांनी डब्या वाणात लुटल्या." कुणीतरी विचारलं, वाण म्हणजे काय. सगळं सांगितलं. सडा, गजरा, जाऊ, सगळं. बाईचं नाव मात्र नाही सांगितलं, एवढं मी शिकले आहे. शेवटी म्हणाले, "या बाईला काढायचं असेल तर आधी मला काढा, कारण तिच्या दारात जाऊन बोलायला शिकवलं ते मी." आवाज चढला होता माझा. चढू दे.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, कुणालाही काढायचं नाही. जी चिठ्ठीनं ज्या गटात पडली ती त्याच गटात मोजायची, आणि जे घडलं ते घडलं तसं लिहायचं. पुढच्या वेळी चिठ्ठी बाईची नाही, अख्ख्या गावाची टाकायची. या गावात डबीनं गुण आला असं आम्हाला आता छातीठोक म्हणता येणार नाही, ते खरंच आहे, आणि ते मी मान्य केलं. पण ती राहिली. तिचा नंबर राहिला, तिच्या गोळ्या राहिल्या, तिची तपासणी राहिली. बाहेर व्हरांड्यात सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत आहे, सिस्टर. पुढच्या कामाला आम्ही दुसरं कुणी बघू." मी म्हणाले, "बघा. फक्त वाण लुटणारी बघा, म्हणजे परत अडचण नको." उचलली जीभ लावली टाळ्याला, तुम्ही म्हणाल. लावली.

काल मळ्यात गेले होते. ती शेवंती तोडत होती, दोन शेजारणी तिच्याबरोबर, तिघींचं काहीतरी चाललं होतं आणि मला बघून तिघी हसल्या. मी सांगितलं की तुझ्या वाणाची पार पुण्यात चर्चा झाली. ती एकदम घाबरली, "माझं काय चुकलं का ताई? तुमास्नी तरास झाला का?" मी म्हणाले, छे, मला कसला त्रास. तिनं माझ्या पिशवीत फुलं कोंबली. मार्चनंतर तिच्याकडं कोण येणार ते मला माहीत नाही. पण तिला हाक मारता येते आता.

तर असं भांडण आहे, आत्या. पंगतीत मी बोलले ते बरोबर होतं आणि मीटिंगमध्ये बोलले तेही बरोबर होतं, आणि तुम्ही वरून कितीही डबा आपटलात तरी मी हेच म्हणणार. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून इतकं मोकळं लिहिता आलं. फक्त एक राहिलं. पुण्याहून आले त्या दिवशी तुमच्या थोरल्यानं विचारलं, मीटिंग कशी झाली, तर मी म्हणाले, बरी झाली, आणि भाकरी उलटायला वळले. नोकरी जाणार आहे हे अजून घरात कुणालाच सांगितलेलं नाही. मला, जिच्या तोंडाला कडी नाही, तिला सांगता येईना. पहिल्यांदा तुम्हाला सांगतेय. तुम्ही कुणाजवळ बोलणार नाही, एवढा भरवसा मला तुमचा आहे.